फास्ट लेन्स घ्यावी का? आधी आपलेच बिघडलेले फोटो उघडून बघा

पुतणीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी बाराव्या रांगेत, हातात कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. दीडेकशे फोटो काढले, घरी येऊन बघतो तर दाखवण्यासारखे जेमतेम नऊ. त्यातही पोरीचे हात म्हणजे पंख्याची पाती. वहिनी एवढंच म्हणाली, "मोबाईलनं काढले असते तरी चाललं असतं नं भाऊजी."

हे झोंबलं. त्याच आठवड्यात मी ५० मिमी एफ/१.४ लेन्स मागवली. पुढच्या वर्षी पुन्हा बारावी रांग. या वेळी हात अगदी स्पष्ट, बोटं मोजून घ्यावीत इतके. फक्त पोरगी फोटोत अंगठ्याएवढी! फोटो कापून मोठा केला तर पुन्हा दाणे. म्हणजे दुखणी दोन होती, मी औषध एकाचंच आणलं आणि तेही गरजेपेक्षा महागडं.

तेव्हापासून कोणी विचारलं, "फास्ट लेन्स घेऊ का?" तर मी म्हणतो, बिघडलेले फोटो दाखव. लेन्स त्यावरून ठरते. पुढे जे लिहितोय ते त्याच क्रमानं.

फास्ट म्हणजे नेमकं काय मिळतं

लेन्सवरचा एफ आकडा म्हणजे फोकल लेंथला (लेन्सवरचा मिमीचा आकडा, जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) अॅपर्चरच्या व्यासानं भागून आलेलं उत्तर. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/१.८ लिहिलं असेल तर उजेड आत यायचं भोक सुमारे २८ मिमीचं, एफ/१.४ असेल तर सुमारे ३६ मिमीचं. आकडा लहान तितकं भोक मोठं, उजेड जास्त, शटर जास्त वेगात चालवता येतं. 'फास्ट' हे नाव त्यावरूनच पडलं. काही जणांना वाटतं की अशी लेन्स फोकस वेगानं करते. तसं काही नाही. उलट मोठ्या भोकाच्या कित्येक लेन्सची काच जड असते आणि मोटर ती सावकाश ओढते.

हिशोबासाठी ही माळ पाठ करा: १.४, २, २.८, ४, ५.६, ८. एक पायरी म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटर १/६० सेकंदावरून १/१२५ केलं की एक स्टॉप गेला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० वरून ३२०० केला की एक स्टॉप आला. पुढचं सगळं गणित याच नाण्यात.

पहिलं काम: चाळीस वाईट फोटो निवडा

चांगले नकोत, वाईटच. गेल्या वर्षभरातले जे फोटो जीव लावून काढले आणि पडले, ते संगणकावर एका फोल्डरमध्ये टाका. प्रत्येक फोटो पूर्ण आकारात, म्हणजे शंभर टक्क्यांवर मोठा करून बघा आणि वहीत लिहा की तो नेमका कशानं गेला. दुखणी साधारण पाचच असतात.

सगळंच सारखं हललंय, मागची भिंतसुद्धा? तर हात हलला. भिंत स्पष्ट आहे पण माणूस पुसटला? तर माणूस हलला. माणूस मऊ आणि त्याच्या मागची खुर्ची कडक? फोकस चुकला. सगळं जागेवर आहे पण तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे दाणे? आयएसओ फार चढला. आणि पाचवं, जे कोणी कबूल करत नाही: सगळं ठीक आहे पण फोटोत जीव नाही. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, वरून ट्यूबलाइट, डोळ्यांखाली काळी खळगी.

हात हलणं हे मुख्यतः स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय), मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) किंवा खांबाला टेकून उभं राहण्यानं सुटतं. त्यासाठी फास्ट लेन्स घेणं महाग पडतं. माणूस हलणं मात्र स्टॅबिलायझेशननं अजिबात सुटत नाही, तिथे शटरच वेगात हवं. दाण्यांनाही उजेडच हवा. म्हणजे दुसरं आणि चौथं दुखणं हे फास्ट लेन्सचं खरं काम. फोकस चुकण्यात ती कधी तारते, कधी मारते. त्यावर पुढे येतो. पाचव्या दुखण्यात मागच्या खुर्च्या ती पुसून टाकेल, पण वरची ट्यूबलाइट ती हलवू शकत नाही. त्यासाठी माणसाला खिडकीकडे दोन पावलं सरकवावं लागतं आणि ते फुकट आहे.

दुसरं काम: त्याच फोटोंचे आकडे उतरवा

विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स उघडलं की अॅपर्चर, शटर, आयएसओ आणि फोकल लेंथ असे चारही आकडे दिसतात. ते वहीत त्या फोटोपुढे लिहा.

आता दोन गोष्टी बघा. एक, हे फोटो लेन्सच्या सर्वांत उघड्या अॅपर्चरवर होते का? माझ्या एका मित्राच्या चाळीसपैकी निम्म्याहून जास्त फोटो एफ/८ वर निघाले होते, नागपूरच्या फुटाळा तलावावर, संध्याकाळी! त्याला नवी लेन्स कशाला? होती तीच उघडायची राहिली होती. दोन, फोकल लेंथ कुठे गोळा होते? चाळीसपैकी तीस फोटो झूमच्या शेवटच्या टोकाला, ५५ वर किंवा ३०० वर असतील, तर तुमची भूक लांबीची आहे, उजेडाची नंतर. माझं हेच झालं होतं. बारावी रांग म्हणजे रंगमंचापासून बारा-पंधरा मीटर. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स बारा मीटरवर साडेपाच मीटरची रुंदी टिपते. तेवढ्यात अख्खा नाच मावतो. आपली पोरगी हवी तर फोटो लांबी-रुंदीत एक तृतीयांशावर कापावा लागतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम पावणेतीन उरतात.

तिसरं काम: किती स्टॉप हवेत ते मोजा

माझाच फोटो घेऊ. एफ/५.६, १/६०, आयएसओ ३२००. लहान मुलांच्या नाचाला हात थांबवायचे तर निदान १/२५० हवं. म्हणजे दोन स्टॉप कमी पडले. हे दोन स्टॉप कुठून आणायचे?

फुकटचा रस्ता: आयएसओ ३२०० ऐवजी १२८००. "बापरे, दाणे!" असं म्हणायच्या आधी एकदा खरंच करून बघा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि आत्ताच्या डिनॉइज, म्हणजे दाणे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फिरवा. लाइटरूममध्ये हे एआयवालं डिनॉइज २०२३ मध्ये आलं आणि तेव्हापासून माझ्यासारख्या कितीतरी हौशी लोकांची लेन्सची खरेदी पुढे ढकलली गेली असेल. दाणेदार पण स्थिर फोटो बरा करता येतो, पुसटलेला हात परत आणता येत नाही. आणि फोटो शेवटी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच जाणार असेल तर १२८०० सुद्धा खपून जातो.

अर्ध्या फुकटातला रस्ता: पुढे जा. किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५ उघडते आणि ५५ ला एफ/५.६. जवळ जाऊन रुंद बाजूनं काढलं की जवळजवळ दीड स्टॉप तसाच मिळतो. वर्गशिक्षिकेला आठवडाभर आधी विचारून पहिल्या दोन रांगांच्या कडेला उभं राहायची परवानगी काढणं, ही मी आजवर केलेली सर्वांत किफायतशीर 'खरेदी'.

पैशाचा रस्ता: एफ/२.८ ची झूम नेमके दोन स्टॉप देते. एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, सव्वातीन देते. त्यातले दोन शटरला घातले तरी आयएसओ ३२०० वरून १२५० च्या आसपास उतरतो. हा फरक डोळ्याला लगेच दिसतो.

आता एफ/१.८ आणि एफ/१.४ मधला फरक काढा. पाऊण स्टॉपसुद्धा भरत नाही. एफ/१.८ पासून एफ/१.२ पर्यंत गेलात तरी एक स्टॉप आणि थोडंसं. किंमत मात्र कित्येक पटींनी चढते आणि वजनही. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम साधारण १६० ग्रॅमची आहे, त्यांचीच आरएफ ५० मिमी एफ/१.२ एल ९५० ग्रॅमची. शिवाय पूर्ण उघडल्यावर बहुतेक फास्ट लेन्सचे कोपरे अंधारतात, म्हणजे तो वाढीव उजेड मुख्यतः मधल्या भागाला मिळतो. माझा नियम असा: वहीतला हिशोब सांगतो की दीड स्टॉपपेक्षा कमी हवंय, तर आयएसओ वाढवा आणि गप्प बसा. दोन किंवा जास्त हवे असतील तर लेन्सचा विचार सुरू करा. ज्याचं पोट फोटोवर आहे त्याला हा नियम लागू नाही. त्याला अर्धा स्टॉपही विकत घ्यावा लागतो.

चौथं काम: उथळ फोकस परवडतो का ते बघा

फास्ट लेन्सच्या जाहिरातीत मागचे दिवे लोण्यासारखे विरघळलेले असतात. त्या लोण्याचा हप्ता कोण भरतं ते सांगतो.

क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, एफ/१.८, समोरचा माणूस दोन मीटरवर. फोकसमध्ये राहणारी जाडी साधारण ११ सेंटीमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत, बस. नवरा-नवरी शेजारी उभे आहेत आणि नवरदेव अर्धा फूट मागे आहे, तर तो गेला. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमी एफ/१.४ याच अंतरावर लावली तर जाडी साडेचार सेंटीमीटरच्या आसपास येते: नथ चकचकीत, डोळा मऊ. हळदीच्या गडबडीत, जिथे कोणी एका जागी उभं राहत नाही, तिथे शंभरातले किती लागतील ते तुम्हीच ठरवा.

तीन रांगांचा कुटुंबाचा फोटो एफ/१.८ वर काढूच नये. तिथे एफ/५.६ किंवा एफ/८ लागतं आणि त्या अॅपर्चरला तुमची किट लेन्सही उत्तम काम करते. लग्नातला अंधार बहुतेक वेळा फ्लॅशनं सुटतो. सभागृहाचं छत पांढरं असेल तर फ्लॅश वर वळवून छतावरून उजेडाचा टप्पा घ्यायचा. पण नागपुरातली निम्मी लग्नं लॉनवर, डोक्यावर छतच नाही, फ्लॅश सरळ आकाशात! लॉनवरच्या रिसेप्शनला फास्ट लेन्सचं महत्त्व खरंच वाढतं, हे मान्य.

एक उलटी गंमतही आहे. हीच ५० मिमी एफ/१.८ बारा मीटरवर चार मीटरपेक्षा जास्त जाडी फोकसमध्ये धरते. म्हणजे रंगमंचाला उथळ फोकसची भीती नाही, ती भीती जवळच्या फोटोंना. अंतर लक्षात न घेता 'एफ/१.८ फार उथळ' किंवा 'अजिबात नाही' अशी भांडणं करण्यात काही अर्थ नाही.

आता फोकस तारण्याची बाजू. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) अॅपर्चर कितीही ठेवा, फोकस करताना लेन्स पूर्ण उघडीच असते. त्यामुळे एफ/४ वर फोटो काढायचा असला तरी एफ/१.८ ची लेन्स अंधारात व्ह्यूफाइंडर उजळ दाखवते आणि कॅमेऱ्याला फोकस धरायला मदत करते. एफ/५.६ वाली जिथे पुढे-मागे शोधत बसते, तिथे ही पटकन थांबते. हा फायदा आकड्यांत दिसत नाही, हातात घेतल्यावर कळतो. वहीत फोकस चुकलेले फोटो जास्त असतील आणि ते सगळे अंधारातले असतील, तर माझं मत लेन्सच्या बाजूनं.

नागपूरचे तीन प्रसंग

मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे (मिरवणुकीतले पुतळे) निघतात तेव्हा भर दिवसाचा उजेड असतो आणि गर्दी अंगावर येते. मागे जायला जागा नाही, पुढे जायला वाट नाही. इथे प्राइम घेऊन गेलेला माणूस फसतो. १८-५५ किंवा तशीच झूम, एफ/८, आणि कॅमेरा पोटाशी. फास्ट लेन्सचा उपयोग शून्य.

रामनवमीची शोभायात्रा रात्री उशिरापर्यंत चालते, चित्ररथ एलईडीनं न्हालेले असतात. इथे ३५ मिमी एफ/१.८ सोनं आहे. पण एक खोच आहे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कित्येक स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिचकावतात. फास्ट लेन्स मिळाली म्हणून उत्साहात १/५०० लावाल तर फोटोत आडव्या पट्ट्या उमटतात. १/१०० वर या, पट्ट्या बहुतेक जातात. म्हणजे घेतलेले दोन स्टॉप तिथे शटरला वापरताच येत नाहीत, फक्त आयएसओ उतरवायला येतात.

तिसरा प्रसंग ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याचा, आणि इथे लोकांचे लाखो रुपये जातात म्हणून जरा थांबतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. पहिला अर्धा-पाऊण तास आणि संध्याकाळचा शेवटचा, तेवढाच उजेडाचा तुटवडा. उघड्यावर कडक ऊन आलं की आयएसओ ४००, एफ/५.६ ला शटर १/३२०० वर जातं. झाडाखालच्या सावलीत कमी, तरी भरपूर. ५०० मिमी एफ/५.६ ऐवजी ५०० मिमी एफ/४ घेतली तर मिळतो एकच स्टॉप. त्यासाठी तीन किलोच्या पुढची, काही लाखांची लेन्स जिप्सीत सांभाळायची. आणि उन्हाळ्यात दूरच्या पाणवठ्यावरचा वाघ मऊ येतो त्याचं कारण बऱ्याचदा लेन्स नसतंच. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर चढते, तिच्यातून कुठलीही काच स्पष्ट बघू शकत नाही. अशा वेळी गाइडला "जवळ येईपर्यंत थांबू" म्हणणं हाच उपाय. ७०-२०० एफ/२.८ ला दोनपट टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा जोड) लावून काम भागवू म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो दोन स्टॉप खातो. हातात येते १४०-४०० एफ/५.६.

पाचवं काम: भाड्यानं आणा, मगच ठरवा

लग्नसराई सोडून कोणत्याही शनिवार-रविवारी लेन्स भाड्यानं मिळते. अनामत आणि ओळखपत्र मागतात. आणल्यावर चित्र-विचित्र दिवे टिपत बसू नका. ज्या प्रसंगात तुमचे चाळीस फोटो पडले तोच प्रसंग पुन्हा उभा करा: तीच खोली, तेच मूल, तीच वेळ. जुन्या आणि नव्या लेन्सनं आलटून-पालटून काढा. मग फोटो घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही आणि विचारा की कोणते बरे आहेत. माझ्या आईनं एकदा नऊपैकी सहा वेळा किट लेन्सचा फोटो निवडला, कारण त्यात "मागचं घरही दिसते."

मग सोपा भागाकार. लेन्सची किंमत भागिले एका दिवसाचं भाडं. समजा लेन्स साठ हजारांची आणि भाडं हजार. तर साठ दिवस वापर झाला तरच बरोबरी. वर्षात स्नेहसंमेलन, दोन लग्नं आणि एक सफारी, म्हणजे पाच-सहा दिवस असतील तर दहा वर्षं लागतील. तोवर पोरगी कॉलेजात. स्वस्त प्राइमला हे गणित लावायची गरज नाही, ती दर आठवड्याला घरात वापरली जाते.

घ्यायचं ठरलंच तर

पहिली फास्ट लेन्स म्हणून क्रॉप कॅमेऱ्यावर ३५ मिमी एफ/१.८ घ्या, ५० नको. ५० मिमी क्रॉपवर ७५-८० सारखी लांब वागते आणि आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकते. मुख्यतः चेहरेच काढत असाल तर ५० चालेल.

जुनी घेताना सर्वांत नेहमीची फसगत: निकॉनची ५० मिमी एफ/१.८ डी स्वस्तात मिळते, पण डी३४०० किंवा डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे तिच्यावर ऑटोफोकस चालत नाही. एफटीझेड अडॅप्टर (या जुन्या लेन्स जोडणारा निकॉनचा जोड) लावून बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्यावरही नाही. 'एएफ-एस' लिहिलेली बघा. काच तपासायला मोबाईलचा टॉर्च एका टोकानं मारून दुसऱ्या टोकानं तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्या. अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचे डाग नकोत. ट्रायपॉडवर लावून भिंतीवर सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो पूर्ण उघड्या अॅपर्चरवर काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असले तर चालतं. एकच कोपरा वेगळा असेल तर आतली काच सरकलेली आहे.

डीएसएलआरवर आणखी एक चाचणी: टेबलावर पट्टी तिरपी ठेवून मधल्या आकड्यावर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा आणि दहा फोटो काढा. दरवेळी स्पष्ट आकडा पुढचाच किंवा मागचाच येत असेल, तर बघा की तुमच्या कॅमेऱ्यात सूक्ष्म दुरुस्तीची सोय आहे का. सुरुवातीच्या किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ती नसते. एफ/५.६ च्या लेन्सवर ही चूक झाकून जाते, एफ/१.८ वर उघडी पडते.

मी एफ/१.४ विकून टाकली. आता ३५ मिमी एफ/१.८ बॅगेत कायम असते आणि फेब्रुवारीत एका दिवसापुरती ७०-२०० एफ/२.८ भाड्यानं आणतो. गेल्या वेळी पाचव्या रांगेतून एफ/२.८, १/३२०, आयएसओ ४००० वर काढले. वहिनीनं त्यातला एक फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, टीव्हीच्या वर. पुतणी म्हणते, त्यात तिचा गजरा वाकडा आहे.